कळसूबाईच्या वाटेवरचा हिशेब

डोंगर चढणे हे केवळ पायांचे काम, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १,६४६ मीटर. ऑक्टोबरातील एका सकाळी आम्ही बावीस विद्यार्थी आणि दोन शिक्षक पायथ्याच्या बारी गावातून निघालो, तेव्हा आभाळ निरभ्र होते. माथ्यावरील देवीचे दर्शन घेऊन संध्याकाळच्या आत परतायचे, असा बेत होता.

सरांच्या झोळीत निर्द्रव वायुभारमापक होता. पातळ धातूच्या एका डबीतील बहुतेक हवा काढून घेतलेली असते. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की डबी किंचित दबते किंवा फुगते आणि काटा हलतो. आपण जसजसे वर जातो, तसतसा डोक्यावरील हवेचा थर कमी होतो, म्हणून दाबही उतरतो. या उंचीवर साधारण १२ मीटर चढले की पारा १ मिलिमीटरने उतरतो. पहिल्या लोखंडी शिडीपाशी पोहोचलो, तेव्हा दाब ३५ मिलिमीटरने उतरला होता. म्हणजे आम्ही किती चढलो होतो? सुमारे ४२० मीटर!

एवढ्यात माथा ढगात दिसेनासा झाला. सकाळी नसलेले ढग आले कोठून? उन्हाने तापलेली दमट हवा डोंगराच्या उतारावरून वर सरकते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते. दर १,००० मीटरला सुमारे १० अंश सेल्सियस. पुरेशी थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात. या वेळी बाष्पातील सुप्त उष्णता बाहेर पडते, त्यामुळे हवा आणखी वर चढू शकते. ढगाला जणू घरचेच इंधन मिळते!

“वारं फिरलंय,” आमचे वाटाडे बाबा म्हणाले. तोच दूर वीज चमकली. सर घड्याळ पाहू लागले. २४ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वीज ८ किलोमीटरांवर होती. दहा मिनिटांनी पुन्हा चमकली. या वेळी गडगडाट १२ सेकंदांतच आला.

“सर, माथा तासाभरावरच आहे. आता परत फिरायचे?” एकजण काकुळतीला आला.

“हिशेब तुम्हीच करा,” सर म्हणाले.

आम्ही केला. दहा मिनिटांत वादळ ४ किलोमीटर जवळ आले होते. याच वेगाने आणखी दहा मिनिटांत ते डोक्यावर येणार होते आणि तेव्हा आम्ही उघड्या धारेवर, लोखंडी शिडीला धरून असणार होतो. वीज बहुधा उंच, सुट्या जागी पडते आणि लोखंड हे विजेचे सुवाहक. शिवाय ती वादळापासून दहा किलोमीटरांवरही पडू शकते. म्हणजे खरे तर पहिल्या गडगडाटालाच फिरायला हवे होते! कोणी काही बोलले नाही. सर्वजण मुकाट्याने वळलो.

उतरताना पावसाने गाठले. झाडाखाली थांबू नका, एकमेकांपासून अंतर ठेवा, अशी सरांची ताकीद होती. ओल्या कपड्यांवर वारा लागताच हुडहुडी भरली. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि त्यातील बरीचशी आपल्याच अंगातून जाते. गावात पोहोचताच कोरडे कपडे घातले आणि गरम चहा घेतला, तेव्हा कोठे दातखिळी सुटली.

सरांनी हजेरी घेतली. चोवीसच्या चोवीस! तेवढ्यात वर, धारेवर, लखकन वीज कोसळली. तिकडे पाहताना कोणालाही माथा हुकल्याची हळहळ वाटली नाही.

मित्रांनो, पुढच्या वादळी पावसात घराच्या आत बसून तुम्हीही सेकंद मोजा, तीनाने भागा आणि वीज किती किलोमीटरांवर आहे ते काढा. वादळ जवळ येत आहे की दूर जात आहे? तुमच्या वहीत नोंदवून ठेवा.