मृगापासून पोळ्यापर्यंत जाळं खुंटीला

आज आपण गावतलावातल्या माशांबद्दल बोलणार आहोत. मासे कसे रांधायचे हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं. आज बोलायचं आहे ते मासे कधी धरायचे, कोणते धरायचे आणि कोणते पाण्यातच राहू द्यायचे, याबद्दल. हे आम्ही एक चूक करून शिकलो. म्हणून आधी ती चूकच सांगतो.

आमच्या गावाला लागून एक लहान तलाव आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या भागात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकार लोकांनी उताराचं पाणी अडवून यातले कितीतरी बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. धान पिकतं ते त्यांच्या पाण्यावर, ढोरं पितात तेच पाणी, आणि ताटातला मासाही तिथलाच.

आमच्या बचत गटाने हा तलाव मासेमारीसाठी तीन वर्षांच्या ठेक्याने घेतला. पहिल्या पावसाळ्यात विकतची बोटुकली सोडली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मासे विकले, कर्जाचा हप्ता गेला आणि थोडे पैसे हातात राहिले. सगळ्या खूश होत्या.

मग मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. सांडव्यावरून पाणी वाहू लागलं आणि त्या धारेवर खालच्या नाल्यातून मासे वर चढू लागले. चढणीचे मासे! सगळं गाव धावलं. कुणी बांबूचा सापळा लावला, कुणी जुन्या लुगड्याची झोळी केली, कुणी मच्छरदाणी आणली. दोन रात्रीत पोती भरली. ज्या मासळीला चिरा द्यावा तिच्या पोटात अंडीच अंडी. आम्ही ती तळून खाल्ली आणि वर म्हटलं, यंदा देव पावला.

दोन आठवड्यांनी गटातल्या एकीच्या मुलाने मोठी मरळ गळाला लावून आणली. ती बघायला आमच्या आळीतली ढिवराची म्हातारी आजी आली. तिने मासा हातात घेतला, मुलाला विचारलं, “पिल्लं होती का रे जवळ?” तो म्हणाला, “हो, लाल लाल झुंड होती.” आजी आमच्याकडे वळून म्हणाली, “माय मारली, आता लेकरं कोन राखल?” आम्हाला तेव्हा तिचं बोलणं फारसं कळलं नाही. पुढच्या वर्षी कळलं. बोटुकलीचे मासे मिळाले, पण मरळ, शिंगी, देशी मागूर जवळजवळ दिसेनाशी झाली. टोपलीने झिंगे आणि बारीक मासे धरून कालवण करणाऱ्या बाया रिकाम्या हाताने परतू लागल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणी आमच्या गटात नव्हत्या. ठेका आमचा होता, नुकसान त्यांचंही झालं.

मग आम्ही आजीच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिने सांगितलेलं आणि मत्स्यव्यवसायाच्या प्रशिक्षणात कळलेलं, दोन्ही जोडून आज तुम्हाला सांगतो.

तलावात दोन खाती असतात, हे आधी समजून घ्या. पहिलं खातं विकतच्या माशांचं. कटला, रोहू आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी, म्हणून तिघे एकत्र नांदतात. पण हे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस पाळतात. आज केंद्रावर आपल्याला बीज मिळतं ते त्या कामामुळे. या खात्यात दरवर्षी आपणच भर घालायची असते.

दुसरं खातं गावठी माशांचं. मरळ, शिंगी, देशी मागूर, बारीक मासे, झिंगे. गावागावांत नावं वेगळी, मासे तेच. यांचं बीज कुणी विकत आणून सोडत नाही. ते तलावातच वाढतात, तिथेच अंडी घालतात. या खात्यात आपण एक पैसा भरत नाही, तरी व्याज मिळत राहतं. अट एकच, मुद्दल खायची नाही. बचत गटाच्या बाईला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

आणि हे मासे अंडी घालतात तो काळ म्हणजे पावसाळा. नवं पाणी आलं की ते काठाच्या उथळ, गवताळ भागात येतात किंवा धारेवर चढतात. मरळीची गोष्ट तर खासच आहे. नर-मादी गवतात जागा साफ करून अंडी घालतात आणि राखण करतात. पिल्लं निघाली की ती लालसर झुंडीने फिरतात. श्वास घ्यायला सगळी एकदम वर आली की त्या जागी पाणी उकळल्यासारखं दिसतं. आई-बाप खालीच असतात. पिल्लांजवळ काही आलं की ते अंगावर धावून जातात. नेमका याचाच फायदा घेऊन लोक त्या झुंडीवर बेडूक लावलेला गळ नाचवतात. मासा भूक लागली म्हणून गळाला लागत नाही, लेकरं वाचवायला म्हणून लागतो. एक मरळ हाती येते आणि मागची शेकडो पिल्लं दुसऱ्या माशांच्या, बगळ्यांच्या पोटात जातात.

म्हणून आमचा पहिला नियम असा ठरला: मृगापासून पोळ्यापर्यंत जाळं खुंटीला. या काळात सांडव्यावर सापळा नाही, काठाच्या गवतात जाळं नाही, पिल्लांच्या झुंडीवर गळ नाही. तारीख कुणी विसरेल, पण मृग आणि पोळा कुणी विसरत नाही. श्रावण पाळणाऱ्या घरात महिनाभर तसाही मासा शिजत नाही. कोकणातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नावांची समुद्रातली मासेमारी बंद असते. समुद्राला विसावा लागतो, तर आपल्या तलावाला का नको?

दुसरा नियम जाळ्याच्या घरांचा. मोठ्या घरांच्या जाळ्यातून लहान मासा निघून जातो, मोठा अडकतो. बारीक घरांचं जाळं सगळंच ओढून आणतं. मच्छरदाणी आणि लुगडं तर अंड्यातून निघालेलं पिल्लूही सोडत नाही. एक बोटुकली विकायला गेलं तर काहीच हाती येत नाही. तीच दहा-बारा महिने राहिली, खाणं आणि पाणी चांगलं मिळालं, तर पाऊण ते एक किलोचा मासा होतो. म्हणून कटला-रोहूसाठी मोठ्या घरांचंच जाळं वापरा. जाळ्यात लहान मासा आलाच तर ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात सोडा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे रोगाने मरतो.

आता तुम्ही विचाराल, टोपलीने बारीक मासे धरणाऱ्या गरीब बाईने काय करायचं? हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला आणि आवाज चढले. बारीक मासा डोक्या-काट्यासकट खाल्ला जातो, त्यातून लेकरांना कॅल्शियम मिळतं. तो बंद करणं म्हणजे पोराच्या ताटातलं काढणं. शेवटी असं ठरलं की पोळ्यानंतर टोपलीने मासे धरायला कुणालाही मनाई नाही, मग ती गटात असो वा नसो. फक्त मच्छरदाणी नको आणि विक्रीसाठी नको, घरच्या कालवणापुरतंच. या ठरावाच्या बैठकीला आम्ही त्या बायांनाही बोलावलं होतं. ज्यांना न विचारता नियम केला, त्या तो पाळत नाहीत. खरं तर त्यांनी तो का पाळावा?

तिसरा नियम उन्हाळ्याचा. पाणी आटतं, मासे खोलगट भागात गोळा होतात आणि धरायला सोपे होतात. नेमकं तेव्हाच सगळा तलाव उपसून काढायचा मोह होतो. त्या वर्षी आम्हीही तेच केलं होतं. आता सगळ्यात खोल भागात आम्ही जाळं टाकत नाही. चार काटेरी फांद्या रोवून ठेवल्या आहेत, म्हणजे कुणी रात्री जाळं ओढू नये. तिथे उरलेली जोडपीच पुढच्या पावसाळ्याचं बियाणं. धानाचं बियाणं आपण कणगीत वेगळं ठेवतोच ना? दुष्काळातही कुणी ते दळायला नेत नाही.

चौथा नियम विषाचा आणि करंटचा. ब्लीचिंग पावडर, शेतातलं औषध किंवा जंगलातली साल-फळं ठेचून पाण्यात टाकणं, सुरुंग लावणं, मोटारीच्या तारेवरून करंट सोडणं, हे काहीही चालणार नाही. पाण्यात विष घालून किंवा स्फोट करून मासे मारायला १८९७ च्या मासेमारी कायद्यानेच मनाई आहे. पण कायद्याचं राहू द्या. त्याच पाण्यावर आपली ढोरं येतात, त्याच घाटावर आपण कपडे धुतो, तिथेच लेकरं पोहतात. करंटने मासा मरतो तसा माणूसही मरतो.

पाचवा नियम पाहुण्या माशाचा. थाई मागूर या नावाने विकला जाणारा आफ्रिकन मागूर लवकर वाढतो, म्हणून कुणीतरी त्याचं बीज आणून देतो म्हणेल. घेऊ नका. त्याच्यावर आपल्या देशात बंदी आहे, कारण तो दिसेल ते खातो आणि गावठी मासे संपवतो. बीज खात्रीच्या केंद्रावरूनच घ्या. पिशवी आणली की लगेच ओतू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्या आणि बोटुकली आपणहून बाहेर जाऊ द्या. हे सकाळच्या गारव्यात करा.

कुणी असंही सांगेल की मरळ बोटुकली खाते, म्हणून मरळ काढून टाका. ती खाते, हे खरं आहे. पण मरळ बाजारात जिवंत विकली जाते आणि रोहूपेक्षा जास्त भाव घेते. म्हणून आम्ही मरळ ठेवली आणि बीज मोठं घ्यायला लागलो. बारीक मत्स्यबीजाऐवजी बोटभर लांबीची बोटुकली घेतली की खर्च वाढतो, पण ती पटकन कुणाच्या तोंडी लागत नाही.

शेवटचं, तलावातल्या झाडांचं. सगळं गवत उपटून तलाव स्वच्छ करायचा नाही. कमळ, देवधान, पाण्यातलं गवत यांतच मासे अंडी घालतात आणि पिल्लं लपतात. काढायचं असेल तर बेशरम काढा. ती काठाने पसरते आणि आपल्या झाडांना जागा ठेवत नाही. पाणी कमी असताना मुळासकट उपटा आणि काठापासून दूर नेऊन वाळवा. तुकडा ओल्यात पडला तर पुन्हा फुटतो. आम्ही दोन उन्हाळे श्रमदान केलं, हाताला फोड आले, आणि अजून एक कोपरा बाकी आहे.

ठेक्याचं तिसरं वर्ष आम्ही असं काढलं. पहिल्या पावसात सांडव्यावर गटाच्या बाया कंदील घेऊन पाळीने बसल्या. शिव्याही खाल्ल्या. “तलाव काय तुमच्या बापाचा आहे?” असं एकाने विचारलं. आजी म्हणाली, “नाही, त्याच्या नातवाचा आहे.” तो गेला.

त्या वर्षी विक्रीचे पैसे फार वाढले नाहीत, हे खरं सांगायला हवं. पण श्रावणाच्या आधी घाटावर कपडे धुताना गवताजवळचं पाणी उकळल्यासारखं दिसलं. लाल पिल्लांची झुंड होती. कपडे तसेच ठेवून आम्ही आजीला हाताला धरून आणलं. ती बराच वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, “आवाज नका करू.”

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. बैठक तलावाच्या पाळीवर घ्या. गावातल्या मासे धरणाऱ्या जुन्या बायांना बोलवा आणि तीन गोष्टी विचारा: पूर्वी कोणते मासे होते, आता कोणते दिसत नाहीत, आणि ते अंडी कुठे घालायचे. जे कळेल ते ठरावाच्या वहीत लिहा. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर त्यांच्याशीही बोला, भांडू नका. त्यांचं पोट त्याच पाण्यावर आहे. मृग यायच्या आत एक ठराव झाला तरी पुरे आहे.