बावड्यात एक दिवस

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी रंकाळा आणि निघताना पिशवीत चपलांचा जोड. या यादीत कसबा बावड्याला जागा नसते. शहराच्या उत्तरेला पंचगंगेकाठी वसलेले हे मूळचे गाव. आता ते महापालिकेत आहे, कॉलेजे आणि नव्या इमारतींमुळे घर घेणाऱ्यांच्या पसंतीचेही झाले आहे. अशा ठिकाणी एक दिवस सवडीने हिंडावे.

शहरातून निघाले की बावड्याच्या वाटेवर आधी नवा राजवाडा लागतो. मेजर मँट यांच्या आराखड्याची ही काळ्या दगडाची वास्तू १८८४ साली पुरी झाली. नाव अजून ‘नवा’च! तिथले संग्रहालय पाहून पुढे बावड्यात शिरावे आणि मिसळ मागवावी. इथे मिसळीबरोबर पाव नव्हे, स्लाइस ब्रेड येतो. आणि ‘कट’ मागताना पाहुण्याने जरा बेतानेच मागावा.

मग लक्ष्मी विलास पॅलेस. २६ जून १८७४ रोजी इथे कागलच्या घाटग्यांच्या घरी यशवंतराव जन्मले; १८८४ साली दत्तक जाऊन ते शाहू छत्रपती झाले. १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढणाऱ्या राजाचे हे जन्मघर मुलांना जरूर दाखवावे.

उन्हे उतरली की राजाराम बंधाऱ्यावर जावे. पावसाळ्यात सारा जिल्हा एकमेकांना विचारतो, ‘राजाराम बंधाऱ्याला किती फूट?’ ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५० फुटांच्याही वर गेले.

हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाआधी ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. आठ महिने नदी आपली, चार महिने तिची स्वतःची, असा हा साधा व्यवहार आहे.

इमारतीचे मात्र तसे नसते. पावसाळा आला म्हणून ती काढून ठेवता येत नाही. बावड्याची हवा, राजाराम कारखान्याच्या हंगामात येणारा मळीचा वास, घरामागचा उसाचा फड, सारे मनात भरले आणि इथेच घर घ्यावेसे वाटले, तर खुशाल घ्यावे. फक्त नमुना फ्लॅट पाहून लगेच विसार देऊ नये. आधी पूररेषेचा नकाशा पाहावा आणि मग जवळच्या एखाद्या कट्ट्यावर बसून जुन्या माणसाला विचारावे, ‘मामा, एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं?’ मामा उठून, हात लावून खूण दाखवतील.