तीस मायक्रॉनचा काप

क्रायोस्टॅटची काच सरकवली की उणे वीस अंशांची थंडी बोटांना झोंबते. आत पात्यासमोर उंदराच्या मज्जारज्जूचा कमरेजवळचा गोठवलेला तुकडा असतो, पेन्सिलीपेक्षाही बारीक. हँडल फिरवलं की 30 मायक्रॉनचा काप सुटतो आणि लगेच गुंडाळी होऊ पाहतो. तो ब्रशच्या टोकाने उचलून बफरमध्ये सोडायचा. पहिल्या आठवड्यात माझे निम्मे काप फाटले. शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "ढकलू नकोस गं, त्याला आपणहून ब्रशला चिकटू दे."

कापाच्या एका बाजूला सुईने पाडलेलं छिद्र असतं. ते पाडायचं राहिलं, तर डावं-उजवं कळत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात, कारण भूल दिलेल्या उंदराच्या एकाच मागच्या पंजात कॅप्सायसिन टोचलेलं असतं. कॅप्सायसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. ठेचा कुटल्यावर रात्रभर बोटांची आग होते ना, ती ज्या वेदनेच्या तंतूंमुळे, तेच तंतू ते इथे पेटवतं.

काप रात्रभर अँटिबॉडीत फ्रिजमध्ये राहतात. दुसऱ्या दिवशी चमकणारी अँटिबॉडी लावायची आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली धरायचं. मज्जारज्जूच्या मधोमध करड्या भागाचं फुलपाखरू असतं. त्याच्या वरच्या पंखांच्या कडेला एक पातळ पट्टी उजळते: सबस्टन्स पी, याच तंतूंतून सुटणारं पेप्टाइड. ऑइलर आणि गॅडम या संशोधकांना 1931 मध्ये ते घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात सापडलं. पी हे अक्षर पावडरवरून आलं, इतकं साधं. ते अकरा अमिनो आम्लांच्या साखळीचं आहे हे कळायला 1971 उजाडलं.

पण खरी मजा त्याचा रिसेप्टर, म्हणजे ते पेशीवर ज्याला चिकटतं तो रेणू, रंगवल्यावर. न टोचलेल्या बाजूला पेशीच्या फांद्यांची कड रेखीव चमकते. रिसेप्टर पृष्ठभागावर बसलेले. टोचलेल्या बाजूला ती कड फिकी, आणि आत ठिपकेच ठिपके. सबस्टन्स पी चिकटताच पेशी ते रिसेप्टर गिळून आत घेते. मॅंटी या संशोधकाच्या गटाने 1995 मध्ये दाखवलं की हे पाच मिनिटांत घडतं आणि फांद्या मण्यांच्या माळेसारख्या गाठाळतात. म्हणजे वेदनेने पेशीचा आकारच बदलतो!

पाठ्यपुस्तकातली वेदना तारेतून धावणाऱ्या विजेसारखी असते. याच तंतूंतून सुटणाऱ्या ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकापुरतं ते चालेल. त्याचा कारभार मिलिसेकंदांचा. पेप्टाइड मात्र तंतू जोरात आणि सतत पेटला तरच मोठ्या प्रमाणात सुटतं, हळू पसरतं, शेजारच्या पेशींपर्यंत पोचतं, आणि त्यांना सेकंदांवर सेकंद हळवं करून ठेवतं.

मग रिसेप्टरच बंद केला तर वेदना थांबेल, हा विचार कुणालाही सुचावा. औषध कंपन्यांनाही सुचला. उंदरांत जमलेलं माणसांत जमलं नाही. हाच रिसेप्टर बंद करणारं अ‍ॅप्रेपिटंट 2003 मध्ये बाजारात आलं, तेही केमोथेरपीच्या उलट्यांसाठी. मला यात आश्चर्य वाटत नाही: त्या एकाच पट्टीत सीजीआरपी हे आणखी एक पेप्टाइड आहे, ग्लुटामेट आहे, एक दार लावून घर बंद होत नाही.

शेवटच्या ओळीतले काप एन्केफॅलिनसाठी होते. पाच अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड वेदनेला लगाम घालतं. मॉर्फिन त्याच्याच रिसेप्टरवर बसून तंतूंच्या टोकांतून होणारा स्राव कमी करतं. तेही उजळलं, त्याच पट्टीत. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कुठला कशाचा, हे मला अजून मागचं लेबल पाहूनच सांगावं लागतं.