छाती वाजते ती दम्यानेच?

नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एक होतात. छातीत नेमके उलटे घडते: 10-12 सेंटिमीटरची एकच श्वासनळी खाली जाऊन दोन्ही फुफ्फुसांसाठी दुभंगते. त्या वाटेत चिंचोक्याएवढी गाठ उगवली, तरी हवा अडते.

अशा गाठी दुर्मीळ, म्हणूनच पहिला संशय दम्यावर जातो. छाती वाजते, घाटाच्या पायऱ्या चढताना धाप लागते, पंप सुरू होतो आणि वर्षे निघून जातात. पण दम्याचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना येतो, कमी-जास्त होतो. गाठीचा आवाज एकाच जागी, एकाच सुरात येतो आणि पंपाला दाद देत नाही. मुख्य श्वासनळीची वाट साधारण 8 मिलिमीटरवर येईपर्यंत पुष्कळांना धापही लागत नाही. साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. गाठ सापडते ती सीटी स्कॅनमध्ये आणि दुर्बिणीतून.

गाठ म्हटले की घरात कॅन्सरचीच धास्ती. हॅमार्टोमा, चरबीचा लायपोमा, विषाणूमुळे होणारा पॅपिलोमा या मात्र सौम्य गाठी. खात्री तुकडा तपासूनच होते, आणि तुकडा काढल्याने सौम्य गाठीचा कॅन्सर होत नाही.

‘छाती फाडावी लागणार’ ही भीतीही बहुतेक वेळा अनाठायी असते. जर्मनीत गुस्टाव किलियन यांनी 1897 मध्येच एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेले हाड नळीतून काढले होते. आज रुग्णाला भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण उतरवतात. देठ असलेल्या गाठीभोवती तारेचा फास टाकतात, तो आवळत वीज सोडतात; गाठ कापली जाते आणि रक्तही थांबते. त्याआधी ऑक्सिजनचे प्रमाण 40 टक्क्यांखाली आणावे लागते, नाहीतर श्वासनळीतच आग लागू शकते. सुटलेली गाठ चिमट्याने बाहेर येते. बाहेर एकही टाका नाही.

तरी दुर्बीण प्रत्येक गाठीला पुरत नाही. नळीच्या भिंतीपलीकडे वाढलेल्या गाठीला शस्त्रक्रियाच लागते. पॅपिलोमा पुन्हा उगवतो. कार्सिनॉइड नावाची गाठ वरून साधी दिसली, तरी ती सौम्य मानायची नसते.

महिनोन्‌महिने पंप घेऊनही छाती एकाच बाजूला वाजत असेल, किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर मिरज-कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांना दाखवावे. जाताना जुने एक्स-रे सोबत न्यावेत आणि ‘सीटी स्कॅन करायचा का?’ हे स्वतःहून विचारावे.