गरिबी दाखल्यात, काम अर्जात!

उत्पन्नाचा दाखला काढायला तुम्ही तहसीलच्या सेतू केंद्रात कधी ना कधी रांगेत उभे राहिलाच असाल. घरची सगळी परिस्थिती त्या कागदावर एका आकड्यात मावते. परदेशात एम.ए., एम.एस्सी. करायचं तर अनेक शिष्यवृत्त्यांना हा दाखला लागतो. पण दाखला फक्त रांगेत उभं करतो, निवड होते ती दुसऱ्याच गोष्टीवर. इथंच आपली गल्लत होते.

राजू केंद्रे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं गाव, शेतकरी कुटुंब, घरात उच्च शिक्षणापर्यंत पोचलेली पहिलीच पिढी. पुण्यात शिकायला गेले, पण टिकाव लागला नाही. पदवी घेतली ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. मग मेळघाटात काम, 'टिस'मधून ग्रामीण विकासाचं पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर आपल्या यवतमाळात 'एकलव्य'चं काम. ग्रामीण, वंचित घरांतल्या मुलांना नामवंत संस्थांपर्यंत पोचवणं हे त्या संस्थेचं काम. 2021 मध्ये ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या 'सोआस'मध्ये शिकायला गेले.

यात नामांकित कॉलेजची पदवी कुठंय? नाही. आहे ते काम!

निबंधात काय लिहायचं?

चेव्हनिंगला उत्पन्नाची अट नाही. दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव मात्र लागतो आणि त्यात स्वयंसेवी कामही धरतात. नेतृत्व, लोकसंपर्क, निवडलेला अभ्यासक्रम आणि पुढचा बेत यांवर निबंध मागतात. आपण काय लिहितो? 'वडील शेतकरी आहेत, परिस्थिती हलाखीची आहे, तरी विचार व्हावा.' हा झाला विनंती अर्ज!

त्याऐवजी बघा. समजा, तुमच्या पोडावरच्या मुली दहावीनंतर शाळा सोडतात. तुम्ही घरोघरी फिरलात, एसटीची वेळ बदलावी म्हणून आगारात खेटे घातलेत, चार मुली अकरावीला गेल्या. हे सगळं तारीख-आकड्यांसह लिहा. चारच का असेनात, त्या तुमच्या प्रयत्नानं गेल्या. जे केलं नाही ते मात्र लिहू नका. मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

तुमच्यासाठी काय आहे?

अनुसूचित जातींसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. एकूण 125 जागा. विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या घरांतल्या मुलांनाही त्यातल्या काही जागा आहेत. पदवीला 60 टक्के, वय 35 च्या आत, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी मंत्रालयाच्या वेगळ्या 20 जागा आहेत. त्यातल्या तीन आदिम जमातींसाठी. आपल्या जिल्ह्यातले कोलाम त्यात येतात, हे किती कोलाम पोरांना ठाऊक आहे?

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दरवर्षी 75 जणांना मिळते. इतर मागास आणि विमुक्त-भटक्यांसाठी, तसंच 'सारथी'मार्फत मराठा विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. जातीची अट नसलेली युरोपची इरास्मस मुंडस आहे. तिला शेवटच्या वर्षातूनही अर्ज करता येतो आणि एकाच पदवीत दोन-तीन देशांत शिकता येतं.

बारीक अक्षरातल्या अटी मात्र वाचाच. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या योजनेतून 2022 मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे आपल्याच समाजावर संशोधन करायचं असेल, तर वाट दुसरी शोधावी लागते. अटी बदलत असतात, म्हणून मित्राच्या फॉरवर्डवर विसंबू नका. यंदाची मूळ जाहिरात बघा.

उलटं मोजा

परदेशातलं वर्ष साधारण सप्टेंबरात सुरू होतं. चेव्हनिंगचे अर्ज त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्टच्या सुमारास सुटतात. इरास्मसचे बरेचसे ऑक्टोबर ते जानेवारीत. म्हणजे निकाल हातात आल्यावर धावपळ करून भागत नाही. दुसऱ्या वर्षातच पासपोर्ट काढा. जात पडताळणी उरकून घ्या. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना तुमचं फक्त नाव नाही, काम माहीत असू द्या. इंग्रजीची भीती वाटते? रोज अर्धा तास वाचा, पानभर लिहा, मैत्रिणीशी मोडकंतोडकं बोला. परीक्षा भाषेची असते, कॉन्व्हेंटची नाही.

आणि एकदा नकार आला तर? 1913 मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. पुढं लंडनमध्ये शिकत असताना तिची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. त्यांनी मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने पैसे घेतले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं.

आपल्याला तर फक्त पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरायचाय. तोवर गावातलं काम थांबवू नका. पुढच्या निबंधात तेच लिहायचं आहे.