दोन चाकांतील वाटणी : वेगवान मोटारीच्या डिफरन्शिअलची गोष्ट

स्मरणिकेत आठवणी असाव्यात, अहवाल असावेत. त्यांत यंत्रावरचा लेख कशासाठी, असे काही पालक विचारतील. आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली कित्येक मुले आज गॅरेजात, एस. टी.च्या आगारात, चाकणच्या आणि शेंद्र्याच्या मोटार-कारखान्यांत काम करतात. ती भेटीस आली की पाढे आणि सनावळ्या बाजूला राहतात आणि बोलणे मोटारींवर येते. अलीकडे या बोलण्यात एक नवा शब्द वारंवार येऊ लागला आहे : इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. २०२५ च्या मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही मोटार भारतात आली, तेव्हापासून तर अधिकच. २०२५ मध्ये आली तेव्हा सुमारे ५३ लाख रुपये किंमत असलेली ही आयात मोटार आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दारात उभी राहील. परंतु तिच्यात जे यंत्र बसवले आहे, त्याचे जवळचे नातलग वरणगावच्या शिवारात रोज चिखल तुडवीत आहेत. म्हणून ते समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आरंभ खळ्यापासून करू. मळणीच्या वेळी मेढीभोवती बैलांची पात फिरते. मेढीलगतचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो, कडेच्या बैलाला मात्र लांबचा फेरा पडतो. म्हणूनच म्हातारा बैल आत आणि तरणा बाहेर, अशी बांधणी जुने शेतकरी करीत. मोटार वळते तेव्हा चाकांचे हेच होते. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरले, तर काटकोनातील एका वळणात बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त धावते. वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. विद्यार्थ्यांनी वर्तुळाच्या परिघाचे सूत्र वापरून तो ताडून पाहावा. बैलगाडीला याची अडचण नसते, कारण तिची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीत मात्र चाकांनाच फिरवावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळणावर एकाला फरफटत जावे लागेल.

या अडचणीचे आजही चालू असलेले उत्तर ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी काढले. पेट्रोलवर चालणारी मोटार तेव्हा अजून अर्धशतक दूर होती. मोटारीतील एवढा महत्त्वाचा भाग मोटारीच्याही आधी जन्मला आणि तो घड्याळाच्या दातऱ्यांशी खेळणाऱ्या हातांनी घडवला, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाला सांगितल्यावाचून राहवत नाही. रचना अशी : मोठी दातेरी चकती, म्हणजे क्राउन, एका डब्याला फिरवते. त्या डब्यात छोटी पिनियन चाके असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन साइड गिअर. एकेका साइड गिअरमधून एकेका चाकाकडे शाफ्ट जातो. गाडी सरळ चालली असता सारा डबा एकजीव फिरतो. वळणावर मधली पिनियन स्वतःभोवतीही फिरू लागतात. एका बाजूचा वेग जेवढा घटतो, तेवढाच दुसऱ्या बाजूचा वाढतो.

वेगाची वाटणी अशी गरजेप्रमाणे होते. जोराची, म्हणजे गॅरेजात ज्याला टॉर्क म्हणतात त्याची, वाटणी मात्र निराळ्या नियमाने होते आणि सर्व घोटाळा तेथेच आहे. जोर नेहमी समान वाटला जातो. मधले पिनियन बैलांच्या जुवासारखे असते. जू मध्यावर ओढले जाते आणि त्याच्या दोन्ही टोकांवर सारखाच ताण असतो. एका बैलाने अंग टाकले की त्याच्या बाजूचे टोक मागे झुकते आणि दुसऱ्या बैलाची ताकद वाया जाते. डिफरन्शिअलमध्येही ज्या चाकाला पकड कमी, ते जेवढा जोर पेलते, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. मृगाच्या पहिल्या पावसात महामार्गाची कड सोडून उजवे चाक डांबरावर आणि डावे काळ्या मातीत असे मोटार उभी करून पाहावी. डावे चाक गरगर फिरते, उजवे हलत नाही आणि मोटार जागेवर राहते. इंजिनात बळ नाही असे नाही. कमजोर चाकाने घातलेली मर्यादा मजबूत चाकालाही लागू झाली, इतकेच.

आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना यावरचा इलाज ठाऊक आहे. टाचेजवळ एक पेडल असते, डिफरन्शिअल लॉकचे. ते दाबले की मागची दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात आणि पकड असलेले चाक ट्रॅक्टर बाहेर काढते. पेडल दाबून ट्रॅक्टर वळवू नये, हे प्रत्येक जाणता चालक नव्या पोराला बजावतो. बांधलेली चाके वळू देत नाहीत आणि एखादा भाग मोडतो. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत हेच काम मागच्या आसावर आपोआप होते. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की लॉक बसते. मात्र ते कमी वेगापुरतेच आहे. ट्रॅक्टर काय अथवा थार काय, येथे दोनच अवस्था संभवतात : पूर्ण मोकळे किंवा पूर्ण बांधलेले. चिखलातून निघण्यास तेवढे पुरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने वळणाऱ्या मोटारीला पुरत नाही.

आता पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींकडे वळू. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि अशी मोटार भारतीय घराघरांत पोहोचली. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल सारे पुढेच, त्यामुळे मोटार हलकी, स्वस्त आणि आतून ऐसपैस. मात्र पुढच्या दोन चाकांना ओढायचेही आणि वळवायचेही काम पडते. ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच येतो. लहान इंजिनाला हे जड जात नाही. परंतु १९७६ मध्ये फोक्सवॅगनने साध्या गोल्फमध्ये ११० अश्वशक्तीचे इंजिन घालून जीटीआय काढली आणि लहान, साध्या दिसणाऱ्या पण चपळ मोटारींची एक जातच रुजली. तिला हॉट हॅच म्हणतात. आज भारतात आलेल्या जीटीआयचे इंजिन २६५ अश्वशक्तीचे आहे, टॉर्क ३७० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्स खालच्या गिअरात तो कित्येक पटींनी वाढवून चाकांकडे धाडतो.

अशी मोटार वळणातून जोराने बाहेर काढताना काय होते? वेग वाढवताच वजन मागे झुकते आणि पुढची चाके हलकी होतात. वळणामुळे वजन बाहेरच्या बाजूलाही झुकते, म्हणून पुढचे आतले चाक तर सर्वांत हलके. जुवाचा नियम आठवावा : हे हलके चाक आता बाहेरच्या भक्कम चाकाचा वाटा ठरवणार. समजण्यापुरते आकडे घेऊ. आतले चाक ४०० न्यूटन-मीटर पेलू शकते, बाहेरचे १२००. साध्या डिफरन्शिअलमधून दोघांना ४००-४०० मिळतील, एकूण ८००. चालकाने पाय आणखी दाबला, तर आतले चाक नुसते घसरेल, रबर जळेल आणि मोटारीचे तोंड वळणाच्या बाहेर सरकू लागेल. सामान्य चालक याच क्षणी घाबरतो.

पहिला उपाय ब्रेकचा आहे. संगणक घसरणाऱ्या आतल्या चाकाला हलकेच ब्रेक लावतो. त्या चाकावर कृत्रिम विरोध उत्पन्न झाला की समान वाटणीच्या नियमानुसार बाहेरच्या चाकालाही तेवढा जोर मिळतो. युक्ती हुशारीची आणि स्वस्तही आहे, कारण ब्रेक व सेन्सर आधीपासून बसवलेलेच असतात. पण हिशेब पाहा. बाहेरच्या चाकाला १२०० मिळावेत म्हणून आतल्याला ८०० चा ब्रेक लावावा लागतो. इंजिन २४०० खर्च करते, रस्त्याला १६०० मिळतात आणि उरलेले ब्रेकच्या उष्णतेत जातात. एखाद्या वळणापुरते हे चालते. घाटात सलग वळणे आली की ब्रेक तापतात.

दुसरा उपाय केवळ यांत्रिक. होंडा सिव्हिक टाइप आरसारख्या मोटारींत तिरप्या दातांचे गिअर असे बसवलेले असतात की जोर आला की ते डब्यावर घासून घट्ट होतात आणि पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या काही पट टॉर्क देतात. रचना मजबूत आणि दीर्घायुषी असते. तिची मर्यादा गुणाकाराची आहे : एक चाक हवेत उचलले गेले, तर शून्याची कितीही पट शून्यच. शिवाय तिचा स्वभाव कारखान्यात ठरतो; पाऊस पडला म्हणून तो बदलत नाही.

तिसरा उपाय म्हणजे आपला मूळ विषय. २०१३ पासून गोल्फ जीटीआयच्या अधिक शक्तीच्या प्रकारात फोक्सवॅगनने बोर्गवॉर्नर कंपनीची रचना वापरली. डिफरन्शिअल साधेच ठेवले. त्याचा डबा आणि उजव्या चाकाकडे जाणारा शाफ्ट यांच्यामध्ये तेलात भिजलेल्या प्लेटांचा एक गठ्ठा बसवला. ज्यांनी मोटारसायकलचा क्लच उघडला आहे, त्यांना हा गठ्ठा पाहताक्षणी ओळखू येईल : एक प्लेट डब्याशी जोडलेली, पुढची शाफ्टशी, पुन्हा डब्याशी, असा क्रम. विजेच्या छोट्या मोटारीवर चालणारा पंप तेलाचा दाब निर्माण करतो. त्या दाबाने पिस्टन प्लेटांना आवळतो. दाब नसेल तर डिफरन्शिअल पूर्ण मोकळे. दाब वाढत गेला तसे बंधन वाढते, १६०० न्यूटन-मीटरपर्यंत. उजव्या शाफ्टला डब्याशी बांधले की डावाही आपोआप बांधला जातो, कारण मधली पिनियन मग स्वतःभोवती फिरू शकत नाहीत. म्हणून गठ्ठा एकाच बाजूला असून दोन्ही बाजूंना पुरतो.

वरच्या उदाहरणात आता इंजिनाने १६०० द्यावेत, आतल्या चाकाकडे ४०० जावेत, बाहेरच्याकडे १२००. प्लेटा थोड्या घासतात, थोडी उष्णता होते, पण ब्रेकच्या उपायातील उधळपट्टी येथे नाही. ट्रॅक्टरचे पेडल येथे टाचेखालून काढून संगणकाच्या हाती दिले आहे आणि तो ते हवे तितकेच, क्षणभरच दाबू शकतो. चारही चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन, ॲक्सिलरेटरवरील पाय, मोटार किती वेगाने वळते आहे आणि किती जोराने बाहेर फेकली जाते आहे, हे सारे तो सतत मोजत असतो. म्हणून चाक घसरल्यावर धावाधाव न करता घसरण्यापूर्वीच तो प्लेटा तयार ठेवतो.

येथे एक बारकावा आहे. घर्षण नेहमी वेगवानाला रोखते आणि मंदाला ओढते. उलट कधीच नाही. घसरण नसलेल्या वळणात बाहेरचे चाक वेगवान असते. त्या क्षणी प्लेटा आवळल्या तर जोर बाहेरून आत जाईल आणि मोटार वळायलाच कुरकुरेल. आतले चाक घसरू लागले आणि त्याचा वेग बाहेरच्याला गाठून पुढे निघाला, म्हणजे मगच जोर आतून बाहेर वाहतो आणि मोटारीचे तोंड वळणात ओढले जाते. तीच यंत्रणा, तोच दाब. क्षण चुकला तर परिणाम नेमका उलटा. म्हणून आमच्या मते या यंत्राचा खरा गाभा प्लेटांत नसून वेळ ओळखण्यात आहे. त्या उलट परिणामाचाही उपयोग करतात. महामार्गावर अचानक बाजू बदलावी लागून मोटार डुलू लागली, तर प्लेटा आवळून तिची वळण्याची घाई मुद्दाम आवरता येते.

हे यंत्र काय करीत नाही, तेही तरुणांनी ऐकावे. ते पकड उत्पन्न करीत नाही. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे, तेवढीच वाटून देते. दोन्ही चाके ओल्या मातीवर असतील, तर वाटायला काही उरत नाही. ब्रेक लागण्याचे अंतरही ते कमी करीत नाही. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर महामार्गावर येणारा चिखल पहिल्या सरीत साबणासारखा होतो. त्यावर महागडी आयात मोटार आणि जुनी मारुती सारख्याच घसरतात.

गॅरेजात काम करणाऱ्या आमच्या मुलांसाठी शेवटी तीन गोष्टी. या प्लेटांचे तेल गिअरबॉक्सच्या तेलाहून वेगळे असते आणि ते ठरावीक मुदतीने बदलावे लागते. दुसरे तेल घातले तर प्लेटांचे घर्षण बिघडते. पुढच्या जोडीत एक टायर नवा आणि एक झिजलेला ठेवू नये, कारण दोघांचा घेर वेगळा पडून संगणकाला सरळ रस्त्यावरही वेगाचा फरक दिसत राहतो. तिसरी गोष्ट जिवावरची. साध्या डिफरन्शिअलच्या मोटारीचे ओढणारे एक चाक जॅकवर उचलून गिअर टाकला, तर उचललेले चाक नुसते फिरते आणि अनेकांना त्याची सवय झालेली असते. लॉक असलेल्या मोटारीत जोर जमिनीवरच्या चाकाकडे जातो आणि मोटार जॅकवरून उडी घेऊन समोरच्यावर येते. अशी मोटार इंजिनावर तपासायची असेल, तर ओढणारी दोन्ही चाके जमिनीपासून उचलून भक्कम स्टँडवर ठेवावीत, उरलेल्या चाकांना ओट लावावी, आणि समोर कोणी उभे नाही हे पाहून मगच चावी फिरवावी.