वादळ वैशाखातले, तूट कार्तिकातली

मागील लेखांकात अरबी समुद्रातील चक्रीवादळे पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, अशा दोन ऋतुसंधींत का उपजतात याचा विचार आपण केला. आता वादळ ओसरून गेल्यावरही हिवाळ्याच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या वाटेत ते कसे आडवे येते, हे वसई तालुक्यातील निर्मळच्या यात्रेवरून पाहू.

शंकराचार्यांच्या समाधीमुळे पूज्य मानल्या गेलेल्या या क्षेत्री कार्तिक वद्य एकादशीला यात्रा सुरू होते आणि पुढे कित्येक दिवस चालते. गावोगावच्या जत्रा करीत फिरणारे पाळणेवाले, खेळणीवाले, भांडीवाले येथे पाल ठोकतात, चूल मांडतात आणि तेवढ्या दिवसांपुरते येथलेच होऊन राहतात. अशा माणसाच्या हिवाळ्यात एक मुक्काम हुकला, की पुढच्या मुक्कामाचा माल भरण्याचे भांडवलच हाती राहत नाही. ‘फयान’ वादळ 11 नोव्हेंबर 2009 रोजी अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, ते या एकादशीच्या अगदी तोंडावर.

अमेरिकेतही असाच ऋतूंचा पेच आहे. उत्तरेकडील बर्फ चुकवून हजारो वृद्ध दांपत्ये आपले चाकांवरचे घर घेऊन फ्लोरिडात हिवाळा काढतात, आणि तेथील वादळांचा काळ जूनपासून नोव्हेंबरअखेर, म्हणजे नेमका त्यांच्या आगमनापर्यंत चालतो. 28 सप्टेंबर 2022 च्या ‘इयन’ चक्रीवादळाने तेथील सॅनिबेल बेटाचा सेतुमार्ग तोडला आणि फोर्ट मायर्स बीचवरील चाकांवरच्या घरांचे किनाऱ्यालगतचे तळ उद्ध्वस्त केले. मार्ग काही आठवड्यांत तात्पुरता जोडला गेला. पण रस्ता खुला होणे निराळे आणि मुक्कामाला जागा असणे निराळे.

निर्मळच्या बाबतीत असाच फरक यात्रेच्या बाजारातील सुकेळीत, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांत, दिसतो: वाट खुली असली तरी माल असतोच असे नाही. राजेळी जातीचा लोंगर उतरवून पिकवायचा, केळी सोलून मांडवावर उन्हात पसरायची, रात्री दव लागू नये म्हणून झाकायची आणि पुन्हा ऊन द्यायचे, असे काही दिवस केल्यावर तांबूस, मधुर सुकेळी तयार होते. या दिवसांत अवेळी पाऊस आला तर केलेले सारे श्रम वाया. वैशाखातले वादळ याहून खोल घाव घालते. 17 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेले, किनाऱ्यावर ते येथे चढलेच नाही. तरी त्याच्या वाऱ्याने वसईच्या वाड्यांतील केळी आडव्या केल्या. केळीचे मूळ उथळ आणि खोड पाणीदार, तेव्हा लोंगराच्या भाराने वाकलेले झाड वाऱ्यापुढे टिकत नाही. जमिनीतला कंद जगतो, त्याला पिले फुटतात. पण त्या पिलांना लोंगर धरून तो तयार होईस्तोवर वर्षाच्या आसपास काळ जातो. म्हणजे वैशाखात गेलेली राजेळी पुढच्या कार्तिकात यात्रेला पोहोचत नाही. नुकसानभरपाईसाठी होणाऱ्या तलाठ्याच्या पंचनाम्यात पडलेली झाडे लिहिली जातात. मात्र सुकेळीअभावी बाजारातून रिकाम्या हाताने परतणारे गिऱ्हाईक त्या दस्तऐवजात कोठेच नसते, आणि माझ्या मते या नुकसानभरपाईतील सर्वांत मोठी उणीव ती हीच.

महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, त्यामुळे निर्मळजवळच्या कळंब-राजोडीच्या किनाऱ्याकडे चाकांवरचे घर घेऊन येऊ इच्छिणाऱ्याने आता काही प्रश्न आधीच विचारावेत. रस्ता सुरू आहे का, एवढे पुरेसे नाही. विजेची जोडणी पूर्ववत झाली का, विहिरीत खारे पाणी तर शिरले नाही ना, सांडपाण्याची तजवीज काय, सुरूची अर्धवट उन्मळलेली झाडे तळावरून काढली का, हे तळाच्या मालकाला स्पष्ट विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर बेत साफ मोडण्याऐवजी दिलेली बयाण्याची रक्कम त्याच्याकडेच ठेवून माघ-फाल्गुनातली तारीख मागावी. त्या पैशांतून त्याला पंप दुरुस्त करता येतो आणि छपरावर नवे पत्रे चढवता येतात.